सईच्या दोन आज्या आणि आमचा बसथांबा

किस्से जमवायला आम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. शाळेची बस रोज उशिरा येते आणि म्हातारी माणसं रोज वेळेआधी पोहोचतात. मधे जो वेळ उरतो त्यात किस्से आपोआप घडतात. आता ते लिहून ठेवायला घेतलेत, कारण नाही लिहिले तर आमचे जोगळेकर ते स्वतःच्या नावावर खपवतील!

खांदा कॉलनीत, आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, मेडिकलच्या दुकानासमोर नातवंडांची बस थांबते. तिथे उभं राहणारे आम्ही सगळे मूळचे 'सहा महिन्यांसाठी' आलेले. मी अलिबागहून आलो तेव्हा सून म्हणाली होती, "बाबा, रेवा जरा मोठी होईपर्यंत." रेवा आता दुसरीत आहे, पण घरात कुणाच्याच मते ती अजून मोठी झालेली नाही. मुलासुनांना ऑफिस, ऑफिसात मीटिंग, आणि मीटिंगच्या वेळी पोराला ताप आला की आम्ही!

जोगळेकर म्हणतात, "आपण एक दिवस संप करू या. वाशीपासून पुण्यापर्यंत ऑफिसं बंद पडतील." संप काही होत नाही. त्या दिवशी बसवर जाणार कोण, इथेच गाडं अडतं.

*

आमच्या थांब्यावर सगळ्यात जास्त किस्से पुरवले ते सई नावाच्या सिनिअर केजीतल्या मुलीने. म्हणजे तिने नाही, तिच्या दोन आज्यांनी.

वडिलांकडची आजी कुसुमताई. पुण्यात बँकेत होत्या. अजूनही बस आली की आधी घड्याळाकडे आणि मग ड्रायव्हरकडे बघतात. आईकडची आजी हिराबाई. उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, स्वतःचा मासळीचा धंदा. सईची आई प्राची ही हिराबाईंची लेक आणि कुसुमताईंची सून. ती आणि नवरा दोघंही नोकरीला, म्हणून सईला सांभाळायला एक आठवडा ही आजी, एक आठवडा ती. हिराबाई आपल्या आठवड्यात बाजारातली जागा जावेला देऊन यायच्या.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सईच्या बारशाला हिराबाईंनी कोळीवाड्यातून बँड आणला होता, आणि 'बाळ झोपलंय' म्हणून कुसुमताईंनी तो जिन्यातच बंद करायला लावला. झालं! तेव्हापासून एक घरात असताना दुसरी पाऊल टाकत नसे. त्यामुळे शनिवारी दुपारी सईची अदलाबदल आमच्या थांब्यावर व्हायची. एक आजी बॅग घेऊन निघालेली, दुसरी बॅग घेऊन आलेली, आणि मधे मी.

"यांना सांगा, सईला खोकला आहे. केळं देऊ नका," कुसुमताई माझ्याकडे बघून म्हणायच्या. हिराबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"त्यांना सांगा भाऊ, मी चार पोरं वारवली हायेत," हिराबाई मला सांगायच्या.

मी दोन्हींकडे मान हलवायचो. नोकरीत असताना कलेक्टरसमोरही इतकी मान हलवली नव्हती.

*

अदलाबदलीत सगळ्यात जास्त हाल सईच्या केसांचे. कुसुमताईंच्या आठवड्यात दोन घट्ट वेण्या, मधोमध भांग, रिबिनी सरळ रेषेत. बसमधून ती उतरली की हिराबाई तिथेच फुटपाथवर बसून त्या वेण्या सोडायच्या. "किती आवळलंय माज्या बायला," म्हणत पिशवीतून खोबरेल काढायच्या आणि बोटांनीच डोकं चोळायला लागायच्या. पुढच्या शनिवारी तेलाने चपचपीत अंबाडा आणि त्यावर अबोलीचा गजरा घेऊन सई उतरायची, की कुसुमताईंच्या पर्समधून कंगवा बाहेर.

एकदा मी सईला विचारलं, "तुला कुठली वेणी आवडते गं?"

ती म्हणाली, "आजोबा, आजी बदलली की माझं डोकं बदलतं. रविवारी शाळा नसते, कुणी वेणी घालत नाही ना, तेव्हा ते माझं असतं."

*

मग टोमॅटो प्रकरण घडलं.

शाळेत फॅन्सी ड्रेस होता. विषय भाज्या. दुपारी बसमधून दोन वांगी, एक कोबी, एक शेवग्याची शेंग आणि दोन टोमॅटो उतरले. लाल फुगीर कापडात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले, वर हिरवी टोपी, दिसायला नुसते डोळे आणि ओठ. एक टोमॅटो जोगळेकरांचा नातू अर्णव, दुसरा सई. आठवडा हिराबाईंचा होता आणि त्या शेवग्याच्या शेंगेला बसच्या दारातून आडवी काढायला मदत करत होत्या.

जोगळेकरांनी समोरच्या टोमॅटोचा हात धरला आणि घरी गेले. जोगळेकरवहिनींनी त्या दिवशी पुऱ्या आणि श्रीखंड केलं होतं. टोपी न काढता टोमॅटो जेवायला बसला. तिसऱ्या पुरीला टोपी घसरली आणि आतून अबोलीचा गजरा बाहेर आला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "हा आपला नाही."

इकडे थांब्यावर हिराबाई उरलेल्या टोमॅटोला घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्याला बिस्किट भरवत विचारत होत्या, "माजा टमाटा कुटं हाय?" अर्णव शांतपणे म्हणाला, "आजोबा चष्मा विसरून आलेत. येतील परत."

जोगळेकर आले, सईला कडेवर घेऊन. हिराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि सई सांगत होती, "आज्जे, त्यांच्याकडे श्रीखंड आहे. उद्या पण मी तिथेच जाऊ?"

आम्ही हसलो, पण बातमी पुण्याला पोहोचायची ती पोहोचलीच. शनिवारी कुसुमताई रिक्षातून उतरल्या त्याच मुळी, "यांना सांगा, मुलगी म्हणजे काय पिशवी आहे, बाजारात विसरायला?" हे म्हणत. त्या दिवशी मी काही मान हलवली नाही. हिराबाई खाली बघत होत्या आणि मला ते बघवेना.

*

कुसुमताईंचं पारडं फार दिवस जड राहिलं नाही.

ईदची सुट्टी गुरुवारी होती. चंद्र एक दिवस आधीच दिसला आणि सुट्टी बुधवारवर आली. शाळेने निरोप ॲपवर टाकला. ते ॲप आमच्यापैकी कुणालाच उघडता येत नाही, आणि ज्यांना येतं ते मुलगे-सुना पहाटेच कामावर गेलेले. बुधवारी सकाळी आम्ही सगळे आपापली पोरं गणवेशात घालून, डबे भरून, थांब्यावर हजर. आठवडा कुसुमताईंचा. त्यांनी सईच्या बुटांना पॉलिशही केलं होतं.

बस येईना. कुसुमताईंनी शाळेत फोन करून बस विचारली, तर शिपायाने 'बाईंना विचारून सांगतो' म्हणून फोन ठेवला. आणि आमच्यातले शेखसाहेब, जे एक दिवस चुकत नाहीत, तेही येईनात. कुसुमताईंनीच त्यांना फोन लावला. "शेखसाहेब, कुठे आहात? असा उशीर करून चालत नाही. बस निघून जाईल."

पलीकडून शेखसाहेब म्हणाले, "ताई, बस कुठली? आज ईद आहे. तुम्ही तिथे उभ्याच आहात तर सगळ्यांना घेऊन या. खीरखुर्मा तयार आहे."

आम्ही गेलो. गणवेशातली सगळी पोरं रांगेने शेखसाहेबांच्या दिवाणखान्यात बसली. प्रत्येकाला ईदी मिळाली, दप्तरातले डबे उघडून शेखवहिनींपुढे ठेवले गेले, आणि कुसुमताईंनी दुसरी वाटी स्वतःहून मागून घेतली. त्या दिवसाइतकी छान शाळा माझ्या रेवाला पुन्हा मिळाली नाही.

पण प्राचीला सईच्या बाईंचा फोन गेला, 'सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडून बस का विचारली जात होती?' म्हणून. आधी मुलगी हरवली, आता सुट्टी हरवली. प्राचीने ठरवलं, जूनपासून सई पाळणाघरात.

*

हे ऐकल्यावर कुसुमताई थांब्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. शिस्त लागेल मुलीला." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. काचा स्वच्छच होत्या.

पुढच्या आठवड्यात हिराबाई म्हणाल्या, "बरं झालं भाऊ. आता मी बाजारात बसाया मोकली." आणि खोबरेलाची बाटली पिशवीतून काढून परत पिशवीत ठेवली. मला खरंच वाईट वाटलं. माणूस म्हातारपणी कशासाठी लवकर उठतो, तर कुणाचा तरी डबा भरायचा असतो म्हणून. तोच काढून घेतला तर उठून करायचं काय?

दोघी मिळून बोलल्या तर प्राची ऐकेल, असं आमच्या हिला वाटलं. तिने एका शनिवारी दोघींना एकाच वेळी आमच्याकडे चहाला बोलावलं. कुसुमताई वेळेआधी आल्या. हिराबाई वेळेवर आल्या, दाराबाहेर कुसुमताईंच्या चपला बघितल्या, आणि खाली जाऊन वॉचमनच्या खुर्चीत बसल्या. कुसुमताईंना गॅलरीतून ते दिसलं. मग त्या मुद्दाम दोन तास बसल्या!

आमची ही म्हणाली, "सात कप चहा झाला. दोघींनी एकत्र घेतलेला एकही नाही."

*

शाळेचं वर्ष संपलं आणि पाळणाघरात एक दिवस मुलीला बसवून बघायचं ठरलं. दिवस नेमका शनिवार. प्राचीने दोन्ही आज्यांना सांगितलं, "मी सोडते तिला. तुम्ही दोघी आज आराम करा."

बस बंद असली तरी सवयीने मी थांब्यावर उभा होतो. प्राची सईला घेऊन गेली आणि पाच मिनिटांत हिराबाई तिथे आल्या. "भाऊ, रिक्षा थांबवा. मी नुसती लांबून बगणार." मी सोबत निघालो. कॉलनीच्या त्या टोकाला बैठ्या घरात ते पाळणाघर. आम्ही पोहोचलो तर पायरीवर कुसुमताई आधीच बसलेल्या. "मी सहज या बाजूला आले होते," त्या मला म्हणाल्या. त्या बाजूला पाळणाघर सोडून काहीच नाही.

प्राची ऑफिसला गेली. आम्ही तिघं पायरीवर, मधे मी. खिडकीच्या गजांतून आतलं सगळं दिसत होतं. बाई एकट्याच होत्या, मदतनीस आलीच नव्हती. सई छान खेळत होती, तिची काही तक्रार नव्हती. पण रांगत्या वयाचं एक बाळ टाहो फोडून रडत होतं. बाई त्याला घेतात तोवर दुसरं सुरू, ते बघून तिसरं.

हिराबाईंनी थोडा वेळ कळ काढली. मग उठल्या, आत गेल्या, मांडी घालून बसल्या आणि ते बाळ पायांवर पालथं घेतलं. तोंडाने नुसतं 'हं हं हं' करत पाय हलवत राहिल्या. बाळ गप्प झालं. मग दुसरं त्यांच्या मांडीला येऊन टेकलं. बाईंनी त्यांना कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही!

जेवायची वेळ झाली. आत डब्यांचा गोंधळ उडाला. कुणाचा वरणभात कुणापुढे, कुणी चमचा फेकलेला. कुसुमताई पुटपुटल्या, "अशी वाढतात का मुलांना?" आणि त्याही आत. त्यांनी पोरांना रांगेत बसवलं, प्रत्येकाचा डबा त्याच्यापुढे ठेवला, आणि पहिला घास कोण संपवतं याची शर्यत लावली. पोरं निमूट जेवली. जेवलेलं पोर तोंड पुसून कुसुमताई हिराबाईंकडे सरकवायच्या आणि हिराबाई ते आडवं करायच्या. दोघी बोलत नव्हत्या, पण एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पोरं जात होती. शेवटची सई आली. तिने दोघींकडे बघितलं आणि हिराबाईंच्या मांडीवर डोकं, कुसुमताईंच्या मांडीवर पाय टाकून झोपली. त्यामुळे दोघींनाही उठता येईना.

मी पायरीवरच डुलकी काढली.

संध्याकाळी प्राची आली. आत आई आणि सासू एका चटईवर बसलेल्या बघून ती दारातच थबकली. पाळणाघरवाल्या बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी गोड आहे तुमची. ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण मला मदतनीस हवीच आहे. या दोघींपैकी एकीला सोमवारपासून पाठवाल का?"

प्राची काही बोलायच्या आत कुसुमताई उठल्या. साडीच्या निऱ्या झटकल्या.

"मी एकटी येणार नाही," त्या बाईंना म्हणाल्या. "मला मुलांना जेवू घालता येतं. झोपवायला मात्र हिराबाईच लागतात."