साळूकाकीच्या वर्षश्राद्धाचं जेवण

खोंड बडवायचा तर आधी त्याला आडवा पाडावा लागतो, आणि मार्गासनीत ते काम कोंडिबातात्यांइतकं सफाईनं कुणालाच जमत नाही. दोराचे दोन वेढे, एक हिसका, की जनावर जमिनीवर. मग डॉक्टर चिमटा लावून त्याला कायमचा खच्ची करतो. तात्या माझे सख्खे चुलते.

गेल्या माघात माझा खोंड असाच पाडला होता. तात्यांनी दोर धरलेला, मी शिंगं दाबलेली, आणि उंटावरून शेळ्या हाकायला भावकीतले वडीलधारे गेनबा. बोलणं तात्यांच्या मुलावर, हणमंतावर आलं. तो भोरला एका पुरुषाबरोबर संसार करतो, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आईच्या, साळूकाकीच्या, वर्षश्राद्धाला दोघंही येणार होते.

"निसर्गाच्या इरुद्ध हाय ते," गेनबा म्हणाले.

तात्यांनी खाली खोंडाकडे बघितलं. "आन् हे आपलं जे चाललंय, ते निसर्गात बसतं व्हय?"

डॉक्टरला हसू फुटलं. गेनबा चिडले. "मानसानं संसार पोराबाळांसाठी करायचा असतो."

"आमाला बारा वर्सं पोर न्हवतं. तवर आमचा संसार पाप व्हता का?"

गेनबा बाजूला थुंकले. "ते काय बी असू दे. मला किळस येती. त्यो जोडीदार घिऊन आला, तर भावकीतलं कुणी तुज्या घरी जेवणार न्हाई."

"किळस तुमाला साळूच्या दुखण्याची बी येत व्हती," तात्या म्हणाले. "दारातच नाक दाबून उभं राहत व्हता. सा महिनं तिची भरलेली लुगडी हणमंतानं धुतली, आन् त्यो दुसरा वरनं पाणी वतत व्हता. त्येंना येऊ नका म्हणायला माजी जीभ रेटायची न्हाई."

मला किळस आली ती गेनबांची. ज्याला उत्तर सुचत नाही तो थुंकतो, आणि त्या थुंकीलाच धर्म म्हणतो. पण मी शिंगं तेवढी घट्ट दाबून धरली. भावकीशी वाकडं कोण घेणार?

वर्षश्राद्धाला तात्यांनी अंगणात चाळीस पत्रावळी मांडल्या. जेवायला तिघंच होते: तात्या, हणमंत आणि त्याचा जोडीदार. मी वाटेनं मान खाली घालून सटकत होतो, तेवढ्यात तात्यांनी गाठलं. लहानपणी माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं मला साळूकाकीनं आपल्या ताटातलं भरवलं होतं.

"चल, दोन घास खाऊन जा."

"उपास हाय, तात्या."

त्या दिवशी कसलाही उपास नव्हता. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली.

तात्या म्हणाले, "बरं. साळूला तसं सांगतो."