नाना आणि ल्वारची द्राक्षं

नाना दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी राहायला आले तो सप्टेंबर होता आणि ऑक्टोबरच्या अखेरीस माझी परीक्षा होती. वडिलांना आम्ही भावंडं नानाच म्हणतो. आई गेल्यापासून ते घरात टिकत नव्हते. जेवता जेवता ताटावरून उठायचे, बागेत चक्कर मारून यायचे आणि वरण गार झालं म्हणून पुन्हा उठायचे. निफाडकडची द्राक्षबाग आता भाऊ बघतो. त्याचा फोन आला, "ताई, थोडे दिवस त्यांना तुझ्याकडं ने. मला काही करू देत नाहीत आणि स्वतःही करत नाहीत."

मी दुबईतल्या एका हॉटेलात वाईन वाढते. 'वाढते' हा शब्द नानांचा. गावात कुणी विचारलं की ते "हॉटेलात मोठ्या पोस्टवर आहे" एवढंच सांगत. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन द्यायची हे पाहुण्यांना सुचवायचं माझं काम. त्याची वरची परीक्षा मी देत होते आणि तिच्यात माझ्या वाट्याला फ्रान्समधलं ल्वार नदीचं खोरं आलं होतं. नदी लांबलचक. काठाकाठानं जावं तशी माती बदलते, मातीबरोबर द्राक्ष आणि द्राक्षाबरोबर वाईन. मी नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला होता आणि पोळ्या लाटता लाटता पाठ करत होते.

घरात तेव्हा कुणालाच चैन नव्हतं. नवरा दूर पश्चिमेला रुवैसच्या रिफायनरीत, सुट्टीलाच घरी. मुलगी अभ्यास अर्धवट टाकून टॅबलेटकडं धावायची. नाना भल्या पहाटे उठून बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायचे, ऊन चढलं की वर यायचे आणि बाल्कनीचं दार उघडायचे. लगेच मुलगी ओरडायची, "आजोबा, क्लोज इट, द एसी इज ऑन." ते दार लावायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडायचे.

एके दिवशी ते नकाशासमोर उभे राहिले. "हे काय पाठ करतेस एवढं?"

मी लाटणं हातात तसंच ठेवून सांगायला लागले. समुद्राजवळ कठीण खडकाची जमीन, तिथं मेलों नावाचं द्राक्ष. त्याची वाईन हलकी, थोडी खारट वाटणारी, मासळीबरोबर पितात. थोडं आत आलं की काळा पाटीचा दगड, तिथं शनँ. त्याच्या पुढं मऊ, पांढरी चुनखडी, इतकी मऊ की करवतीनं कापून घरं बांधतात. तिथं लाल वाईनसाठी काबर्ने फ्राँ आणि पांढऱ्यासाठी पुन्हा शनँ. पार पूर्वेला गारगोटीची जमीन, तिथं सोव्हिन्यों.

"शनँ म्हणजे आपलं चेनिन?"

"तेच."

एका वाईनरीच्या सांगण्यावरून नानांनी पूर्वी एक एकर चेनिन लावलं होतं. चार पैसे बरे सुटत होते, तरी काही वर्षांनी बाग काढून टाकली. वाईनरीची माणसं यायची आणि पाणी कमी करा, घड कमी ठेवा, मणी फुगवू नका म्हणायची. आयुष्यभर मोठ्या मण्यासाठी राबलेल्या माणसाला ते सोसलं नाही. "वेलीला उपाशी ठेवायला सांगतात," असं ते आईला म्हणायचे.

"चुनखडीत द्राक्ष कसं येईल?" नानांनी नकाशावर बोट ठेवलं. "पानं पिवळी पडतात."

"तिकडं कलमाचे खुंटच चुना सोसणारे निवडलेले असतात, नाना."

"असतील. पण पटत नाही."

त्या आठवड्यात नवरा आला आणि नानांना जरा फिरवून आणू म्हणाला. आम्ही उत्तरेला रास अल खैमाला गेलो. सिमेंटच्या कारखान्यांच्या मागं डोंगर पोखरलेले दिसत होते. नानांनी गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याकडेचा एक पांढुरका दगड उचलला आणि गाडीत तो मांडीवर ठेवूनच बसले. पुढं एका कॅफेटेरियात आम्ही सुलेमानी चहा घेतला, तेव्हा कपातली लिंबाची फोड काढून त्यांनी दगडावर पिळली. बारीक बुडबुडे आले, म्हणजे चुनखडीच.

"हे असं आहे का तिकडं?"

"असंच, पण नखानं खरवडता येईल इतकं मऊ."

"मग मुळं आत जात असतील," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच कप संपेपर्यंत बसून राहिले. परतताना मात्र त्यांनी नवऱ्याला दोनदा विचारलं, की भाऊ छाटणी कधी धरणार म्हणून काही बोललाय का. आमच्याकडं ऑक्टोबरची छाटणी म्हणजे वर्षाचं सगळं पीक. ती चुकली की वर्ष गेलं.

पुढच्या दिवसांत त्यांचे प्रश्न वाढले. गोड वाईन कशी होते ते मी त्यांना सांगायला नको होतं. शरदात सकाळी नदीवरून धुकं येतं, त्या ओलीनं मण्यांवर राखाडी बुरशी धरते, दुपारी ऊन पडलं की मणी मनुक्यासारखा सुकतो आणि आत साखर गोळा होते, असं मी वाचून दाखवलं.

"बुरशी धरू देतात?" नाना उठून उभेच राहिले. "मुद्दाम?"

"वाट बघतात तिची."

ते बाल्कनीत गेले. दार उघडंच राहिलं.

आमच्या हॉटेलात मला शिकवणाऱ्या बाई फ्रेंच होत्या, त्याच खोऱ्यातल्या. पन्नाशी उलटलेल्या, बोलायला तुटक. परीक्षेआधी त्या मला दुपारी, रेस्टॉरंट बंद असताना, वाईन चाखून ओळखायला बसवायच्या. बाईंना मी नानांचं सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये."

नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खुर्चीच्या कडेला बसले. बाईंनी त्यांच्यापुढं शनँचेच तीन ग्लास ठेवले, एक कोरडी म्हणजे गोडी नसलेली, एक फेसाळ आणि एक गोड. नानांनी पहिला ग्लास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. दुसऱ्याला हातही लावला नाही. तिसऱ्यातून एक घोट घेतला आणि तोंड आवळून म्हणाले, "काकवीसारखं आहे. पण मागून आंबट येतं."

मी बाईंना तसं सांगितलं. काकवी समजावताना मध आणि गूळ यांच्या मधलं काहीतरी, असं सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत. "आंबटपणा नसता तर ही वाईन टिकली नसती," म्हणाल्या.

"त्यांना विचार," नाना मला म्हणाले, "बुरशीची वाट बघताना शेतकऱ्याला झोप लागते का?"

मी विचारलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा भाऊ करतो बाग. नाही लागत. धुकं आलं आणि ऊन नाही पडलं तर सगळं सडतं. पाऊस आला तर मनुका व्हायच्या आधीच संपतं. आणि वसंतात कोंब फुटल्यावर हिम पडलं की ऊब द्यायला वेलींमध्ये मेणबत्त्या लावून जागत बसायचं. मला ते जमेना. मी निघाले."

नानांना मी हे मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडं गारा पडतात. मणी फुटतात. तेव्हा मीही निघालो असतो, पण जायचं कुठं?"

मी तेही बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "मी किती देश बदलले ते यांना सांगू नकोस."

परत येताना मेट्रोत घराजवळचं स्टेशन आल्यावर नाना म्हणाले, "माझं तिकीट अलीकडं घे. छाटणीच्या आत मला घरी पोचायचंय."

मला राग आला. "परीक्षेपर्यंत तरी थांबा. जरा एका जागी बसा ना, नाना. आई गेल्यापासून तुम्ही कुठं बसलाच नाहीत."

"तू तरी कुठं बसतेस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोरगी एकीकडं, नवरा एकीकडं, तू हॉटेलात. पोळी लाटताना पण उभी राहून नदी पाठ करतेस. माझ्यावरच गेलीस."

घरी आल्यावर मी तिकीट बदललं. विमानतळावर त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "कम बॅक सून, आजोबा." त्यांनी मान हलवली, पण नजर आतल्या रांगेवर होती.

परीक्षेत ग्लास पुढं आले. एका ग्लासाला आधी पिकल्या सफरचंदाचा आणि मग ओल्या लोकरीचा वास होता. शनँ हे लगेच कळलं. पण चुनखडीतलं की काळ्या पाटीच्या दगडातलं, यात मी खूप वेळ घालवला. दोनदा लिहून खोडलं. शेवटी चुनखडी लिहिलं आणि ते चुकलं. तरी मी पास झाले, काठावर.

नानांना फोन केला तर मागं माणसांचा गलका होता. "पास ना? मग झालं," ते म्हणाले. "माणसं लागलीत छाटणीला, नंतर बोल." भावानं नंतर सांगितलं की ते दिवसभर कात्री हातात घेऊन ओळींमधून फिरत होते, सगळ्यांच्या चुका काढत होते आणि भर दुपारी बांधावर बसून पोटभर जेवले.

महिन्याभरानं फ्रेंच बाईंनी माझं नाव रास अल खैमातल्या एका नव्या हॉटेलला सुचवलं. तिथला वाईनचा सगळा कारभार मी बघायचा होता. ही नोकरी घेऊ का, असं मी नवऱ्याला विचारलं.

"घे," तो म्हणाला. "पण रुवैस ते रास अल खैमा म्हणजे देशाचं हे टोक ते ते टोक. माझी सुट्टी गाडीतच जाईल."

"मग नको घेऊ?"

"घे म्हटलं ना. नाही घेतलीस तर तू मला घरात बसू देशील का?"

मुलीची शाळा बदलली. ती दोन दिवस रुसून बसली, मग नव्या वर्गातल्या एका मुलीबरोबर तिची गट्टी जमली. आम्ही भाड्याच्या नव्या घरात आलो. खोके अजून सगळे उघडलेले नाहीत. सुट्टीच्या दिवशी नवरा उशिरा पोचतो, जेवतो आणि सोफ्यावरच झोपतो. मी त्याच्या अंगावर पांघरूण घालते, शेजारी टेकते आणि लगेच ताटं उचलायला उठते.