सुलामावशीची जीभ

आमच्या फूड टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात यंत्रं महागडी आहेत, पण तेल खवट झालंय का हे विचारायला सगळे सुलामावशीकडेच यायचे. सुलामावशी म्हणजे झाडलोटीला कंत्राटावर लागलेली बाई. एकदा तिने प्रयोगातला शंकरपाळा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे खवट हाय." यंत्राला ते दोन दिवसांनी कळलं! तेव्हापासून तिचा झाडू सुटला आणि ती चव घेणाऱ्यांच्या टेबलाशी बसली. साठी उलटली तरी तिला ठेवलं ते या जिभेपायी.

मागच्या गणपतीत तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला आणि पाठोपाठ चवही गेली. मावशी घाबरली ती अशी की जेवण तुटलं. नोकरी गेली तर लेकाच्या दारात जाऊन बसावं लागणार, आणि सून कशी आहे ते मी सांगत नाही, उगाच तोंड खराब होईल. मावशीने हे फक्त मला सांगितलं. प्रयोगशाळेत वाट्या मांडायचं काम माझं, कोणत्या वाटीत काय ते मला ठाऊक. मग काय, खवट वाटी तिच्या हातात गेली की मी खोकायचे. आठ महिने खोकले मी! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख अंजली मॅडम काळजीने आल्याचा चहा पाजायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज वाटायचं, आज उघडं पडणार.

त्यात मॅडमचं चार वर्षांचं काम शेवटाला आलं. विंचूरच्या वाइन पार्कातून द्राक्षाच्या बिया यायच्या. त्यांचा अर्क तेलाला खवट होऊ देत नाही, पण मेला इतका तुरट की शंकरपाळ्याचा दुसरा तुकडा कुणी उचलणार नाही. म्हणून मॅडम तो मक्याच्या प्रथिनात मिसळायच्या आणि विजेच्या जबर दाबाखाली बारीक सुईतून ओढायच्या. केसाहून शेकडो पटींनी बारीक धागे निघायचे. नॅनोफायबर म्हणतात त्याला, दिसायला जळमट. अर्क धाग्याच्या पोटात बंद, म्हणजे जिभेला तुरट लागायला नको. तो खरंच लागत नाही ना, एवढंच तपासायचं राहिलं होतं.

त्या सोमवारी मॅडम म्हणाल्या, "ज्योत्स्ना, तुझा खोकला काही जात नाही. आज वाट्या मीच मांडते, तू बाहेर थांब."

मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. "जोस्ना, पळून जाऊ का गं?"

"आता कुठे पळतेस? बस गुपचूप!" मी खेकसले. भीती वाटली की मी खेकसते, जुनी खोड आहे.

तीन वाट्या होत्या. दोन वाट्यांतल्या शंकरपाळ्यांत धाग्यातला अर्क, एकीत नुसता. वेगळी वाटी ओळखायची. रंग कळू नये म्हणून वर लाल दिवा. मावशी चुकली तर दोन्ही सारखेच लागतात, म्हणजे धाग्याचा उपयोग नाही असं लिहिलं जाणार, आणि मॅडमच्या मेहनतीवर पाणी. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी होते.

मावशीने पहिला तुकडा चावला. चेहरा कोरा. पाण्याचा पेला उचलताना अर्धं पाणी पदरावर सांडलं. दुसरा तुकडा, तोही तसाच. तिसरा चावला आणि ती थांबली. हात गालावर गेला, डोळे मोठे झाले. मला वाटलं, संपलं, हिला काहीतरी झालं.

"बाई गं! जीभ आकसली माझी! मॅडम, ही वाटी! तोंड कोरडं पडलं!" आणि मावशी हुंदके देऊन रडायला लागली.

"बरोबर आहे मावशी. पण रडताय कशाला?"

तेव्हा गप्प बसली असती तर निभावलं असतं. मी काचेतून डोळे वटारले. पण मावशी बोललीच. "आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंडात काय तरी कळलं मला. खवटाचं समदं खोटं सांगितलं, ते कागद फाडा. जोस्नाला काय बोलू नका, मीच तिला गळ घातली."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी कपाट उघडलं, मावशीच्या आठ महिन्यांच्या खवटाच्या नोंदींचे कागद शोधून एकेकावर काट मारली. मी आत आले आणि आम्ही दोघी खाली मान घालून उभ्या राहिलो. आता मला खोकलाही येईना.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुरटपणा ही नुसती चव नसते, मावशी. तो स्पर्शासारखा कळतो, जीभ आकसते म्हणून. तो तुम्हाला कळतोय." मग आवाज चढला. "खवटासाठी यापुढे तुम्हाला बसवणार नाही. तुरटाला उद्या दहाला या. आणि ज्योत्स्ना, वाट्यांना हात लावायचा नाही!"

संध्याकाळी पंचवटीत मावशीने काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा घेतला, एक तुकडा मला दिला. इतका तुरट की मी लगेच थुंकून टाकला. तिने मात्र आपला तुकडा घरापर्यंत गालात धरून ठेवला.