सुमनवहिनींचं राहून गेलेलं सत्र

दादाचा फोन आला तेव्हा मी परभणीला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. "सुमन गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन बंद करायचं विसरला. पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, सुमनवहिनींचे यजमान. ताटावरून उठून सेलूची गाडी धरली, पण वाटेत रडू आलं नाही. जे वहिनींना सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. कॉलेजच्या शोकसभेत मी त्यांच्या शिस्तीवर बोललो. महिना उलटला. आता तरी खरं लिहावं म्हणतो.

वहिनी मूळच्या वालूरच्या. लग्न होऊन सेलूत आल्या आणि मी इतिहास शिकवतो त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागल्या. कॉलेजात मला 'सर' म्हणत, फाटकाबाहेर पडलं की 'भाऊजी'. शेजारी देशांचे संबंध हा त्यांचा जीव की प्राण विषय. पण शेजार कधी फळ्यावर कळतो का, असं त्या म्हणायच्या. म्हणून बी.ए.च्या मुलींना आठवडाभर नेपाळला न्यायचं त्यांनी काढलं. मॅडम सोबत आहेत म्हटल्यावर मुलींची घरं तयार झाली. अडलं ते मॅडमच्याच घरी. शेवटी आमच्या काकू, म्हणजे त्यांच्या सासूबाई, म्हणाल्या की घरचं माणूस संगं असल तर जाऊ द्या. ते घरचं माणूस मी. "नेतो तशा आणून सोडतो," असा शब्द मी काकूंना दिला... जिनिंग मिलला कापसाची गाडी पोचवायची असावी तसा. वहिनी तिथंच चहा गाळत होत्या.

सुनौलीला सीमा चालत ओलांडली. मुली हिरमुसल्या, कारण बायका भाजीच्या पिशव्या घेऊन इकडून तिकडं जात होत्या आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. वहिनी मात्र कमानीखालून पलीकडं गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पोरी हसल्या, त्याही हसल्या. पुढं बुटवलला एका कॉलेजनं आमची सोय केली होती. तिथल्या एका घरात जेवताना घरच्या बाईंनी सांगितलं, की सीमेवरची नाकी बंद पडली तेव्हा भारतातून गॅस येईना, कित्येक महिने लाकडं फुंकत बसलो. आमची एक मुलगी वाद घालायला सरसावली. वहिनींनी तिला डोळ्यानंच गप्प केलं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "लहान शेजाऱ्याला मोठ्याच्या सगळ्या लहरी पाठ असतात गं. मोठ्याला त्याची गरज पडत नाही." मी ते छान वाक्य म्हणून ऐकलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या प्राचार्य बाईंनी वहिनींना एक सत्र शिकवायला थांबायला सांगितलं. राहायची सोय त्यांच्याच घरी. आपल्या कॉलेजातून रजा मिळाली असती, ते मला ठाऊक होतं. वहिनी माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा होता. "भाऊजी, मुलींना तुम्ही न्या. मी सत्र संपवून येते. फक्त घरी तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील." मी म्हणालो, शब्द देऊन आणलंय.

"शब्द तुमचा, अन् गहाण मी?"

मी मुलींच्या बॅगा मोजायला लागलो. सकाळी त्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

इथपर्यंतचं मी भित्रेपणा म्हणून स्वतःला माफ करत आलो. पुढचं करता येत नाही. सेलूला पोचलो त्या दिवशी चहा घेताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी तर तिकडंच राहायला निघाल्या होत्या, मी म्हणून आणल्या." गंमत म्हणून. शाबासकीसाठीही. घर हसलं, दादाही हसला. वहिनी कपबशा उचलून आत गेल्या. ती गंमत मग त्या घरात कायमची वस्तीला आली. त्या माहेरी निघाल्या, की "काय सुमन, निघाली का नेपाळला?" पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊन यायला उशीर झाला तरी तेच. परिसंवादाला औरंगाबादला जायचं असलं तरी तेच. रागावून नाही, हसत हसत... हसण्याला कुणी काय उत्तर देणार? हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. पुढच्या वर्षीची सहल दुसऱ्यांनी नेली. एकदा स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं तेव्हा मी विषय काढला. "जाऊ द्या सर, तास हाय तुमचा," म्हणाल्या. त्या खोलीत तेव्हा मी सर होतो, हे खरंच. पण त्या दिवशी ते फार लागलं.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी दादाकडं गेलो. तो वहिनींच्या खोलीत बसला होता. रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची आहे. शेवटची वर्षं त्या तिथंच पेपर तपासायच्या, तिथूनच येणाऱ्याजाणाऱ्याला हाक द्यायच्या. दादा खुर्चीत नव्हता, समोर पलंगावर होता. मग त्यानं विचारलं,

"तिकडं कशी होती रे ती? म्हंजे... खुश होती का?"

आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सीमेवर तीनदा कशा चालल्या ते, पोरींच्या पुढं कशा चालायच्या, काय खळखळून हसायच्या. "लय खुश होत्या, दादा."

तो खुर्चीकडं बघत राहिला.

"मग आणलीस कशाला?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न विचारणारं त्या घरात कुणी नाही. आता मी जवळजवळ रोज जातो. दादा पलंगावर, मी दाराशी स्टुलावर. खुर्चीत कुणीच बसत नाही. तो रोज तेवढंच विचारतो, कशी होती, आणि मी पहिल्यापासून सांगतो. बस सुटली इथपर्यंत आलो की आम्ही दोघंही थांबतो.