ओली सोडायची काच

"राठोड, आमच्या काचांना कांजिण्या आल्यात का?" साठे मॅडमनी विचारलं.

आम्ही दोघं बाणेरमधल्या एका चार मजली आयटी इमारतीसमोर मान वर करून उभे होतो. शनिवार होता, ऑफिस बंद होतं. आठवडाभर पाऊस झाल्यावर त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. सकाळी धुतलेली पूर्वेची बाजू लखलखत होती. दुपारी धुतलेल्या पश्चिमेच्या बाजूवर मात्र वरपासून खालपर्यंत पांढरे ठिपके उठले होते.

"बघतो, मॅडम."

"बघायला मीही आलेय. सोमवारी साडेनऊला आमचे परदेशातले साहेब येतायत. त्यांनी काय बघायचं तेवढं ठरवा."

साठे मॅडम त्या कंपनीच्या ॲडमिन मॅनेजर. इमारतीची झाडलोट, पाणी, लिफ्ट, काचा, सगळं त्यांच्याकडे. त्या कधी आवाज चढवत नसत. त्याची त्यांना गरज पडत नसे.

मी मूळचा मंगरूळपीरचा. पुण्यात आलो तो बी.एस्सी. केमिस्ट्रीची पदवी घेऊन. आमच्या घरातली ती पहिली पदवी. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांना वाटलं होतं, पोरगा आता काचेच्या इमारतीत बसेल. इथे आल्यावर कळलं की त्या इमारतीत शिरायला कम्प्युटर यावा लागतो आणि तिथलं इंग्रजी यावं लागतं. मला दोन्ही येत नव्हतं. सलीमभाई मुजावरांनी मला त्यांच्या हाउसकीपिंग कंपनीत सुपरवायझर म्हणून घेतलं, आणि मी काचेच्या इमारतीला बाहेरून लागलो. त्याची मला कधी लाज वाटली नाही. त्या नोकरीवर माझ्या दोन बहिणी शिकल्या.

उंच काचा धुवायची आमची जुनी पद्धत म्हणजे दोर. गच्चीवरून दोन दोर सोडायचे. एकावर फळी बांधून माणूस बसतो, दुसरा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला असतो, पहिला तुटलाच तर धरायला. फळीला साबणपाण्याची बादली आणि हातात वायपर. माणूस एकेक मजला उतरत काचा पुसत येतो.

आमच्याकडचा सगळ्यात जुना दोरवाला म्हणजे नामदेवमामा. धायरीच्या पुढच्या एका गावचे. वीस वर्षं दोरावर, आणि एकदाही काही झालं नाही. पण त्या वर्षी विमा कंपनीने पॉलिसी नवी करताना अट घातली की पन्नाशीपुढचा माणूस दोरावर चढवायचा नाही. मामा त्रेपन्न वर्षांचे होते. सलीमभाई नियम मोडणाऱ्यांतले नव्हते, आणि मामांना देता येईल अशी दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती. "दिवाळीपर्यंत बघतो," ते मला म्हणाले, "मग मामांना मलाच सांगावं लागेल."

त्याच सुमारास एका विक्रेत्याने आम्हाला वॉटर-फेड पोलची पद्धत दाखवली. पन्नासेक फूट लांब होणारा हलका पोल. त्याच्या टोकाला ब्रश, आणि ब्रशमधूनच पाणी येतं. माणूस जमिनीवर उभा राहून चौथ्या मजल्याची काच घासतो आणि त्याच पाण्याने धुतो. साबण नाही, वायपर नाही, फडकं नाही. काच ओलीच सोडून पुढे जायचं. ती आपोआप वाळते.

डाग का पडत नाहीत? तर ते पाणी साधं नसतं. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळतं, क्षार काचेवर राहतात, तोच डाग. म्हणून पाणी आधी एका सिलिंडरमधून सोडतात. त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतात, त्यांना रेझिन म्हणतात. ते क्षार धरून ठेवतात. पाण्यात क्षार किती राहिले ते पेनासारखा एक मीटर सांगतो. त्या आकड्याला टीडीएस म्हणतात. काच धुवायला तो शून्य हवा, फार तर पाच-सात. दाण्यांची पोटं भरली की ते क्षार घेत नाहीत आणि आकडा वर जातो. मला हे ऐकताक्षणी समजलं. तीन वर्षं शिकलेली केमिस्ट्री पहिल्यांदाच कुठे कामाला येणार होती, आणि मला फार आनंद झाला.

मी सलीमभाईंच्या मागे लागलो. त्यांनी महिन्याभरात परत करण्याच्या बोलीवर एक मशीन आणलं. साठे मॅडमना ट्रायल दाखवायची. त्या हो म्हणाल्या तर मशीन राहील, आणि मशीन राहिलं तर मामा राहतील. हे मामांनाही माहीत होतं.

"राठोड," सलीमभाई म्हणाले होते, "मशीनला हार घातलास, फोटो काढलास. आता काच पण धू."

मामांना पोल दोन दिवसांत जमला. पटली नाही ती शेवटची पायरी.

"काच वलीच सोडायची?"

"हो, मामा."

"घरी म्या भांडं घासून वलं ठिवलं तर सून दिवसभर ऐकवती. आन् हितं कंपनीची काच वली सोडायची?"

"वाळली की बघा."

वाळल्यावर त्यांनी जाऊन बोट लावून बघितलं. त्या दिवसापासून पोलला दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात.

आता तो शनिवार. मॅडम आत गेल्या आणि मी मामांकडे वळलो. माझा पहिला अंदाज असा होता की खिडकीच्या वरच्या रबरात साठलेली माती नंतर ओघळून खाली आली असावी. नव्या इमारतीत असं होतं.

मामांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "वरनं आलं असतं तर रेघ वढली असती, सर. हे ठिपकं हायेत. पानी जिथं बसलं तिथंच वाळलंय."

वीस वर्षं ते काचेपासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांचं बरोबर होतं. मी खिशातला मीटर काढून ब्रशच्या पाण्यात धरला. आकडा आला एकशे तीस.

सकाळी आठ वाजता मी स्वतः लावला होता तेव्हा शून्य होता. मी तो वहीत लिहिला, खाली सही केली, आणि मीटर खिशात टाकला तो टाकलाच. नवं रेझिन दोन दिवस सहज चालेल असा हिशोब मी मांडला होता. तो महापालिकेच्या पाण्यावर होता. खडकवासल्याचं पाणी गोडं, क्षार कमी. म्हणजे मध्ये काहीतरी वेगळं झालं होतं.

आम्ही टाकीपाशी गेलो. इमारतीच्या मागे आम्ही एक काळी टाकी भरून ठेवली होती, तिथून पाणी गाळ अडवणाऱ्या फिल्टरमधून सिलिंडरमध्ये जायचं. मी झाकण काढलं. पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता. तळाला बोटभर तपकिरी गाळ शांत बसला होता. आदल्या संध्याकाळी टाकी भरली तेव्हा हेच पाणी चहासारखं होतं. आठवडाभराच्या पावसाने नळाला गढूळ पाणी येत होतं आणि सगळं पुणं कुरकुरत होतं.

"हे इतकं स्वच्छ कसं झालं, मामा?"

"तुरटी फिरवली ना," मामा खुशीत म्हणाले. "काल टाकी भरल्याव. ह्येवढा खडा होता, सगळा जिरवला. गढूळ पान्यानं तुमचं ते फिल्टर चोंदलं असतं. तुम्ही म्हनला हुता ना, फिल्टर महाग हाय."

मी म्हणालो होतो. आणि गाळापुरतं त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुरटीने गाळ खाली बसतो. पण तुरटी स्वतः पाण्यात विरघळते. ती क्षारच आहे. मामांनी माती काढली आणि क्षारांची भर घातली. त्या जादा ओझ्याने रेझिनची पोटं दुपारपर्यंतच भरली, आणि पुढे जे आलं ते सरळ काचेवर गेलं.

मी त्यांना लिहून दिलेल्या सूचनांत ठळक अक्षरांत होतं: पाण्यात कोणतंही केमिकल टाकू नये. मामांनी ते वाचलं होतं. पण त्यांच्या लेखी केमिकल म्हणजे कॅनमधून येतं ते, ज्याला वास येतो आणि हाताची आग होते. तुरटी माठात फिरवतात, दाढी झाल्यावर गालाला लावतात. ती केमिकल कशी असेल?

हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली. ते टाकीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजी माझ्या हातनंच झालं," ते म्हणाले.

साठे मॅडम परत येताना दिसल्या.

खरं सांगतो, मॅडम चालत येत होत्या तेवढ्या वेळात माझ्या मनात एक वाक्य तयार झालं होतं: 'लेबरकडून चूक झाली, मॅडम, पुन्हा होणार नाही.' आमच्या धंद्यात हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतं, आणि ते चालून जातं. लेबर बदलतं, सुपरवायझर राहतो. पण मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. आणि मीटर माझ्या खिशात होता.

"कारण सापडलं?"

"हो, मॅडम. पाण्यातले क्षार दर तासाला मोजायला हवे होते. मी सकाळी एकदाच मोजले."

"तुम्ही केमिस्ट्री शिकलात ना?"

"हो."

"मग आज ती घरी कशाला ठेवून आलात?"

तेवढ्यात मामा पुढे आले. "बाई, सरांचं न्हाई. टाकीत तुरटी म्या टाकली."

"कशाला?"

"मातीच्या पान्यानं तुमच्या काचा कशा धुवायच्या?"

मॅडम म्हणाल्या, "या आठवड्यात रोज सकाळी मीही घरी फिरवतेय. फक्त तिच्याने काचा धुवायचं मला सुचलं नव्हतं." आणि माझ्याकडे वळून, "उद्या रविवार आहे. संध्याकाळी पाचला मी येईन. तेव्हा हेच दिसलं तर सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघेन. दोरवालं असलं तरी चालेल, पन्नाशीच्या आतलं."

म्हणजे त्यांना विम्याचं माहीत होतं. मशीन का हवं हे सलीमभाईंनी त्यांना आधीच सांगितलं असणार.

मी सलीमभाईंना फोन केला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या कंपनीत बी.एस्सी. आहे तो मोजत नाही, आणि चौथी पास आहे तो केमिस्ट्री करतो. वा!" फोन बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा आला. "भोसरीत एक रेझिनवाला ओळखीचा आहे. उद्या त्याचं दुकान बंद असतं. सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला उठवतो. किती पिशव्या?"

नळाचं पाणी मात्र अजून गढूळच होतं. तुरटी नाही तर करायचं काय, हे मला सुचेना. मामांनाच सुचलं. टाकी धुऊन संध्याकाळी भरायची आणि सकाळपर्यंत हलवायची नाही. आतल्या नळीचं तोंड तळापासून वीतभर वर बांधायचं, म्हणजे वरचं निवळलेलं पाणीच ओढलं जाईल. विहिरीवर ते असंच करत. मी त्याला फक्त नवं फिल्टर लावलं.

रविवारी सकाळी सलीमभाई स्वतः रेझिनच्या दोन पिशव्या घेऊन आले. आम्ही सिलिंडर भरला. मामांनी पोल धरला, मी मीटर. दर अर्ध्या तासाला मी आकडा मोठ्याने सांगायचो. शून्य. शून्य. दोन. शून्य. मामा प्रत्येक आकड्याला थांबून मान हलवायचे आणि पुन्हा घासायला लागायचे. वाळलेले ठिपके दोनदा घासावे लागले. दुपारी दोनला पश्चिमेची बाजू संपली. मामांच्या खांद्यावरून घाम वाहत होता आणि काचा चौथ्या मजल्यापासून ओल्या होत्या.

मग काहीच करायचं नव्हतं. काच वाळायची वाट बघणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. हात शिवशिवतात. सलीमभाई दोनदा फडकं शोधायला उठले. मामांनी त्यांना बसवलं.

"बसा, साहेब. वलीच सोडायची आसती."

साडेतीनला ऊन समोरून आलं. आम्ही तिघंही एकेक काच बघत गेलो. ठिपका नव्हता.

पाचला साठे मॅडम आल्या. इमारतीला एक फेरी मारली. एका खालच्या काचेवर रुमालाचं टोक फिरवलं, रुमाल बघितला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

पुण्यात एवढं मिळालं की माणसाने आभार मानावेत. मी मानले. कंत्राट वर्षाचं नाही, तीन महिन्यांचं मिळालं, आणि तेही त्या एकाच इमारतीचं. कंपनीच्या बाकीच्या दोन इमारतींचं नंतर बघू, असं त्या म्हणाल्या. पण मशीन परत गेलं नाही, आणि मामाही घरी बसले नाहीत. पुढची सहा वर्षं, गुडघे साथ देत होते तोवर, ते जमिनीवर उभं राहून काचा धूत होते.

सूचनांचा तो कागद मी नंतर फाडला. आता पोलवर नवा माणूस येतो तेव्हा मी त्याला काय करू नये याची यादी देत नाही. त्याला विचारतो, तुमच्या घरी गढूळ पाणी आलं तर काय करता? कुणी तुरटी सांगतं, कुणी निवळीच्या बिया, कुणी चार पदरी धोतर. तो जे सांगेल, तिथून मी शिकवायला सुरुवात करतो.