तिसऱ्या कॅमेऱ्याची वाट

दत्तादादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याशीच भांडायच्या तयारीत होते. अंधेरीला एका कॅमेरा-विक्रेत्याच्या डेमो रूममध्ये उभी होते. हातात एक चांगला, बऱ्यापैकी हलका आणि मुख्य म्हणजे दुकानात प्रत्यक्ष हजर असलेला कॅमेरा होता, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते... ‘दादा, हा मी घेतेय. तुला पटो, न पटो.’ तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती. नुसती म्हणाली, “नयना, अगं, आंघोळीला जातो म्हणाले आणि दारातच बसले.” त्या ‘बसले’वर मी अशी अडकले की पुढचं तिला पुन्हा सांगावं लागलं. समोरचा सेल्समन “मॅडम, पॅक करू ना?” असं विचारत होता. खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, संताप आला. हा माणूस कुठल्याच वादात शेवटपर्यंत थांबला नाही. आपलं म्हणणं ठोकून द्यायचं आणि उठून चहा टाकायला जायचं, ही त्याची जुनी खोड.

दत्तादादा माझा मामेभाऊ. माझे मामा भजनीबुवा. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत आमच्या कोकणातल्या माणसांच्या वस्तीत कुठे डबलबारी असली, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना असला, की मामांचं नाव असायचंच. एक बुवा गाऊन सवाल टाकतो, दुसरा गाऊनच त्याचा समाचार घेतो, आणि मंडप डोक्यावर घेतला जातो. दादाला बापाचा गळा मिळाला नव्हता. त्याचं त्याला दुःख होतं की नाही, कोण जाणे. त्याने खांद्यावर कॅमेरा घेतला, लग्नं केली, बारशी केली, आणि सामने शूट करायला लागला. त्यातही त्याचा एक हट्ट होता. बुवा रंगात आलेला असावा, सगळ्यांना त्याचा चेहरा बघायचा असावा, आणि नेमका तेव्हा हा दाखवणार समोर बसून ऐकणाऱ्या दुसऱ्या बुवाला. किंवा झांज मांडीवर ठेवून डोळे मिटलेल्या कुठल्या तरी काकांना. लोक ओरडायचे, “अरे, बुवांना दाखव ना!” मीही ओरडलेय. तो म्हणायचा, “बाबा गातत तां सगळ्यांका आयकाक येताच. समोरचो कसो आयकता, तां कोण दाखयतलो?” लग्नाच्या व्हिडिओतही तेच. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरी सोडून मागे खांबाला टेकून उभी असलेली कोणाची तरी आत्या. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी एकदा त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. काही फरक पडला नाही.

मी एका वाहिनीत एडिटिंग करत होते. त्या नोकरीला विटले आणि दादाबरोबर स्टुडिओ काढायचं ठरवलं. बोरीवलीला त्याच्या बिल्डिंगीखालचा एक गाळा होता, आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. भिंतींना फोम लावला, जमिनीवर जाड गालिचा टाकला, एसी एवढा आवाज करायचा की रेकॉर्डिंगच्या वेळी बंदच ठेवावा लागणार हे तेव्हाच कळलं. स्टुडिओतून पुढे काय काय करायचं याचे बेत पुष्कळ होते, पण पहिलं काम एकच होतं आणि ते आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. मामांचं गाणं नीट रेकॉर्ड करायचं. मामांचं आजवर जे काही रेकॉर्ड झालंय ते सगळं मंडपातलं... भोंग्यांचा गोंगाट, जनरेटरची घरघर, मध्येच कोणी तरी गाडी काढायला सांगतोय. मामांनी ऐंशी ओलांडलीय. आवाज अजून शाबूत आहे, पण श्वास आखूड होत चाललाय. वरच्या पट्टीत जाताना आता ते आधी क्षणभर थांबतात. मला ते थांबणं ऐकू यायचं, दादाला तर यायचंच. म्हणून घाई होती. निदान मला तरी होती.

आणि मग सुरू झाला कॅमेरे निवडण्याचा तमाशा. एचडी पुरे, फोर-केच्या नादी लागायचं नाही, यावर आमचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. आपली माणसं हे मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर बघणार. आमच्यात झालेलं तेवढं एकच एकमत. नंतर दादाला लग्नाच्या फोटोग्राफरांसारखे छोटे कॅमेरे हवेसे झाले, का, तर मागचं सगळं मस्त धूसर दिसतं. मी म्हटलं, “दादा, मामा गाताना पुढे-मागे डुलतात. मागचं धूसर होईल आणि मामाही होतील. शिवाय हे कॅमेरे तासाभरात तापून बंद पडतात.” तो ऐकेना. शेवटी डेमोला मी त्यालाच खुर्चीत बसवून डुलायला लावलं. पडद्यावर त्याचं नाक स्पष्ट, कान गायब. मग कान स्पष्ट, नाक गायब. गुपचूप उठला, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगत होता, “मीच नयनाला म्हटलं, साधे व्हिडिओ कॅमेरेच बरे. तासन् तास चालतात, लांब केबल जोडता येते.” मी कपाळाला हात लावला.

स्विचरचं तर विचारूच नका. स्विचर म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एका ठिकाणी आणणारी पेटी. समोरच्या मॉनिटरवर सगळे चौकोन दिसतात, ज्याचं बटण दाबाल तो पुढे रेकॉर्ड होतो. आम्हाला चार बटणांची लहान पेटी भरपूर झाली असती. दादाला हवा होता मोठा दांडा असलेला. टीव्ही वाहिनीत असतो ना, हाताने ओढायचा, तसला. डेमो रूममध्ये तो दांडा ओढून ओढून एका चित्रातून दुसरं चित्र चांदणीच्या आकारात काढत बसला होता आणि खिदळत होता. “मामांच्या अभंगात चांदण्या काढणार आहेस का?” मी विचारलं. “गप रव गो, बघू तर दे,” म्हणाला. दुकानदार कंटाळून बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी लहान पेटीच ठरली, पण त्या वादात अख्खा पावसाळा गेला.

मग दसरा आला. मी माझ्या सासरी पूजेत होते. दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल... स्टुडिओत टेबलावर स्विचर, दोन कॅमेरे, सगळ्यांवर झेंडूची फुलं, आणि दादा हळद-कुंकवाची बोटं ओढतोय. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून सकाळी एकटाच जाऊन घेऊन आला होता. तिसरा कॅमेरा त्याच मॉडेलचा दुकानात नव्हता, दुकानदार म्हणाला पुढच्या आठवड्यात येईल, आणि यांनी मान डोलावली! अरे, सामान पूर्ण मिळाल्याशिवाय कोण घेतं? पण दसरा म्हटल्यावर आमच्या माणसांना थांबवणार कोण? स्विचरच्या तिसऱ्या बटणावरही त्याने कुंकू लावलं. “येणाऱ्यासाठी,” म्हणाला. ते कुंकू बटणाच्या फटीत शिरलं ते शिरलंच. मी नंतर ब्रशने काढायला गेले तर हात धरला माझा.

पुढचा आठवडा आलाच नाही. म्हणजे दर आठवड्याला ‘पुढच्या आठवड्यात’ यायचं. दिवाळी गेली. मग कळलं, कंपनीने ते मॉडेलच बंद केलंय, कुठे एखादा शिल्लक असला तर बघतो. मी म्हटलं, सोड ना, दुसरा घेऊ. त्याने मग अंधेरीच्या दुकानातून दुसरा डेमोपुरता आणून लावलाही, मामांचं भगवं उपरणं खुर्चीवर टाकलं आणि मला मॉनिटरसमोर उभं केलं. दोन चौकोनांत उपरणं भगवं, तिसऱ्यात किंचित गुलाबी. “बघ,” म्हणाला. मी सेटिंगमध्ये जाऊन रंग बराचसा जुळवून दिला. बराचसा, पूर्ण नाही, हे मलाही मान्य आहे. पण तो तिसरा कॅमेरा लागणार होता समोर बसलेल्या साथीदारांसाठी, दादाच्या त्या ऐकणाऱ्यांसाठी. त्यांच्या सदऱ्याचा रंग कोण बघतोय? पण नाही! “तीनय भाव एकाच आवशीचे व्हये,” म्हणाला, जशी कॅमेऱ्यांनाही आई असते, आणि उठला चहा टाकायला. मी त्याच्या मागे वर घरी, स्वयंपाकघरापर्यंत भांडत गेले. “मामांचा श्वास बघतोयस ना? दोन कॅमेऱ्यांवर करून टाकू.” तो गॅसकडे बघत म्हणाला, “बाबांचा एकदाच करूचा आसा. तां नीट करूक व्हया.” त्याचा आवाज पार खाली गेला होता. आज वाटतं, ज्याच्याकडे बापाचा गळा नव्हता त्याला बापाला द्यायला एवढंच होतं. पण तेव्हाही चिडले होते, आताही चिडलेलीच आहे. आमची सगळी घाई मामांच्या काळजीने. मामांच्या श्वासावर दोघांचं लक्ष. आणि याच्या स्वतःच्या छातीत काय चाललंय, त्याकडे ना याने बघितलं ना आम्ही कोणी.

सगळे दिवस उरकल्यावर मामांनीच मला बोलावलं. घरात शिरले तर कॉटवर ताठ बसले होते. मी काही तरी सांत्वनाचं बोलू लागले, त्यांनी हाताने थांबवलं. “बाय, त्या बटणांच्या पेटयेचा तुका येता मां? मगे उद्या करूया. माझो आवाज काय त्या कॅमेऱ्याची वाट बघूचो नाय.” मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, “करा. बाबा यांना रोज तेच सांगत होते.”

दुसऱ्या दिवशी मामा भगवं उपरणं घालून, बुक्का लावून स्टुडिओत आले. पखवाजवाले आले, झांजवाले काका आले, सगळे मामांच्या पुढ्यात गालिच्यावर बसले. एक कॅमेरा मामांवर, एक पखवाजावर. मॉनिटरवर दोन चौकोन उजळलेले आणि तिसरा काळा. मी दादाच्या खुर्चीत बसले. एसी बंद केला. मामांनी गजर धरला आणि पहिल्या आलापालाच माझे डोळे भरले, पण हात चालू होता. मामा, पखवाज, पुन्हा मामा. मध्यावर त्यांनी आवाज एकदम खाली आणला, पार कुजबुजीवर... वर जाण्याआधीचं ते थांबणं. नेमकी हीच दादाची जागा. असल्या वेळी तो बुवाला सोडून ऐकणाऱ्याकडे जायचा. इतकी वर्षं मंडपात त्याच्या शेजारी बसून मी ज्यावरून कटकट केली तेच माझ्या बोटाने आपणहून केलं. तीन नंबर दाबला. पडदा काळा झाला. मामांचा आवाज मात्र त्या काळोखात वर चढत गेला, अगदी वर, न अडकता. मी भानावर येऊन पहिलं बटण दाबलं तोवर ते समेवर आले होते.

सगळ्यांना रेकॉर्डिंग आवडलं. त्या जागेबद्दल झांजवाले काका म्हणाले, “तेवढं दुरुस्त करून घे गं, चूक दिसते.” चूकच होती. दुरुस्त करणं काही कठीण नव्हतं, कॅमेऱ्याच्या कार्डावर मामांचा चेहरा होताच, चहा गार व्हायच्या आत झालं असतं. पण करायच्या आधी मामांना विचारावं म्हणून त्यांच्या घरच्या टीव्हीवर लावलं. ती जागा आली, पडदा काळा झाला, आणि टीव्हीच्या काचेत आम्ही दिसलो. कॉटवर मामा, डोळे मिटून, मांडीवर ताल धरलेला. दाराशी वहिनी. आणि रिमोट धरून मी. मामांनी डोळे उघडले, म्हणाले, “थांबव.” मी थांबवलं. काचेत बराच वेळ बघत राहिले ते. “हो दत्ताचो कॅमेरो मां?” मी म्हटलं, “हो मामा, तिसरा.” “मगे रवांदे,” म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

ते तसंच ठेवलंय. स्टुडिओत आता कामं येऊ लागली आहेत, परवा मी अंधेरीहून तो हजर असलेला कॅमेराही आणला आणि तीन नंबरला जोडला. चौकोन उजळला. उपरणं त्यात अजूनही किंचित गुलाबी दिसतं. टेबल पुसताना स्विचरही पुसते, बटणाच्या फटीतल्या कुंकवाला तेवढा हात लावत नाही. आणि तरीही सांगते दादा, तू चहा टाकायला उठायच्या आत ऐकून घे... तिथे कुठलाही कॅमेरा चालला असता रे.