दुसरी सीडी न देणारे भाऊ

सिनेमाचा शेवट सांगितल्याशिवाय सीडीवाले भाऊ सीडी हातात देत नसत. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडून उभं असायचं आणि भाऊ एका सुरात सांगून टाकायचे, "हा शेवटी मरतो. जेवणं आधी आटपून घ्या." नाहीतर, "खून मेहुण्याने केलाय, उगाच त्या बिचाऱ्या माळ्यावर संशय घेऊ नका." नवीन माणूस चिडायचा. जुनी गिऱ्हाइकं कानावर हात ठेवत, पण भाऊ हात खाली येईपर्यंत सीडी धरून थांबत.

जळगावच्या स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आधी कॅसेटींचं, मग सीडींचं. दीपनगरहून एक इंजिनिअर दर शनिवारी स्कूटरवर यायचे आणि दर शनिवारी भांडायचे, की अहो, सगळं सांगितल्यावर बघायचं काय? भाऊ शांतपणे सीडी पुसत राहायचे. पुसायला जुन्या धोतराचा तुकडा होता, तो ते रोज स्वतः धुवायचे. एकदा मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "शेवट माहीत नसना म्हंजे माणूस बठ्ठा सिनेमा घोरमा काढस, ताई. माहीत असना म्हंजे निवांत देखस." भाऊ धुळ्याकडचे. गिऱ्हाइकाशी शहरी बोलत, आणि मनातलं काही निघालं की असे अहिराणीवर येत.

मी तेव्हा एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर होते. त्यांच्याकडे सगळी नवरा-बायकोची प्रकरणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणी कोणाला काय बोललं आणि कोणाच्या आईने कोणता डबा फेकला, हे ऐकायचं आणि मराठीत नीट लिहून काढायचं. खोलीवर जाताना डोकं पिठाच्या गिरणीसारखं घरघरत असायचं. भाऊ मला वकीलताई म्हणत आणि माझं तोंड बघून सिनेमा ठरवत. ज्यात कोर्ट असेल तो कधीच दिला नाही. तेवढी समज मला माझ्या नात्यातल्या लोकांनीसुद्धा कधी दाखवली नव्हती.

दुकानामागच्या दोन खोल्यांत भाऊ एकटे राहत. बायको नाही, असंच मी धरून चालले होते. मग एका उन्हाळ्यात धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर दुकानात एक पत्र्याचा डबा ठेवून गेला. आत ज्वारीच्या बिबड्या आणि कुरडया, वर पांढरं फडकं बांधलेलं. भाऊंनी फडकं सोडलं, धुतलं, वाळवलं, घडी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरच्या हाती एका साडीबरोबर परत पाठवलं. मी नुसती बघत होते. "सोनगीरले मना घरनी ऱ्हास," असं म्हणून ते पुन्हा सीडी पुसायला लागले.

तर गोष्ट अशी होती. लग्नानंतर काही वर्षांनी अक्का, म्हणजे भाऊंची बायको, अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, माहेरी सोनगीरला गेली. आखाजीला सगळ्याच लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि सण झाला की परत सासरी येतात. परत कसं यायचं, यावर घोडं अडलं. सोनगीरच्या घरची रीत अशी, की जावयाने घ्यायला यायचं. भाऊंच्या घरची रीत अशी, की माहेरच्या माणसाने आणून सोडायचं. आधीच्या वर्षांत कोणीतरी नातेवाईक मध्ये पडून वेळ निभावली होती. त्या वर्षी कोणी पडलं नाही. भाऊंचे वडील म्हणाले, आमच्यात घ्यायला जात नाहीत. अक्काचे भाऊ, नाना, म्हणाले, आमची पोर काय रस्त्यावर पडलीय का? दोन्हीकडे वाट बघणं सुरू झालं आणि ते तसंच राहून गेलं. मध्ये भाऊंचे वडील वारले. त्यामुळे शब्द मागे घेणारं माणूसही उरलं नाही.

मी रोज कोर्टात मारहाण, दारू, दुसरी बाई असलं काय काय ऐकत होते, आणि इथे दोन भली माणसं नुसती बसून होती. सांगायला हरकत नाही, मला त्या दोघांचा फार राग यायचा. राग करायलाही अंगात ताकद लागते, ती संध्याकाळी उरत नसे, म्हणून मी बोलले नाही एवढंच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी धुळ्याच्या टॉकीजमध्ये एक सिनेमा पाहिला होता. मराठी, विनोदी, घटस्फोटावरचा. त्यातले नवरा-बायको इतके भांडतात, की कोर्ट त्यांना मोकळं करतं. पण घरमालक फक्त जोडप्यालाच खोली देणारा, म्हणून निकालानंतर दोघांना त्याच खोलीत नवरा-बायकोचं सोंग करून राहावं लागतं. ते सोंग सुरू होतं तेवढ्यात भाऊ-अक्कांना उठावं लागलं, कारण दोघे अक्काच्या माहेरी निघाले होते आणि सोनगीरची शेवटची एसटी चुकली असती. पुढे काय झालं यावर दोघे एकत्र होते तोवर वाद घालत. भाऊ म्हणत, ते एक होतात. अक्का म्हणे, एवढं चारचौघांत बोलल्यावर कुठली बाई राहील? सिनेमा पुन्हा कधी लागला नाही आणि त्याची कॅसेटही निघाली नाही. निर्मात्याच्या घरी हक्कावरून भांडणं आहेत, असं भाऊ सांगत.

आणि मग एका जानेवारीत त्या सिनेमाची सीडी बाजारात आली. वेष्टनावर नवे भडक रंग, हिरॉईनचे गाल उगाच गुलाबी केलेले, आत दोन सीडी. भाऊंनी ती काचेच्या कपाटात सगळ्यांत वर मांडली. गल्लीतल्या बायकांना तो सिनेमा आठवत होता, मागणी फार आली. भाऊ पहिली सीडी द्यायचे. दुसरी द्यायचे नाहीत. दीपनगरचे इंजिनिअर तर लालबुंद झाले. "इतकी वर्षं नको असताना शेवट सांगितला, आता हवाय तर देत नाही?" यावर भाऊ काय म्हणाले, ते मी तिथेच उभी असल्यामुळे मला नीट ऐकू आलं. "माले माहीत नही," असं म्हणाले आणि मान खाली घातली. पहिली सीडी त्यांनी कितीदा पाहिली असेल देव जाणे, दुसरी यंत्रात घातली नव्हती. का, ते मी विचारलं नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाने असं वागू नये, एवढं मात्र मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

त्याच सुमारास नाना सोनगीरहून दोन जाणत्या माणसांना घेऊन दुकानात आले. नानांच्या मुलीची सोयरीक जमत होती, आणि पाहुणे विचारत होते की आत्या माहेरी का बसलीय? टाकलेली आहे का? नाना वाईट माणूस नव्हता. स्टुलावर बसून पाणी प्यायले आणि हात जोडून म्हणाले, की या आखाजीला एक काय ते करा, बहिणीला घेऊन जा, नाहीतर फारकत लिहून द्या. मी समोरच होते. वकील म्हणून मला विचारलं गेलं आणि मी कायदा सांगितला. कायदा सांगताना भाऊंकडे बघितलं नाही, कारण फारकत हा शब्द त्या दुकानात पहिल्यांदाच निघाला होता.

पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाले, की तुम्ही वकिली नोटीस पाठवा, नांदायला ये म्हणून. मी साफ नाही म्हटलं. कोर्टाचा कागद सोनगीरला पोचला की त्यात काय लिहिलंय ते कोणी वाचणार नाही, फारकतच आली म्हणून घरात रडारड होईल. तुम्ही स्वतः जा, म्हटलं. त्यांनी धोतराचा तुकडा झटकून घडी केला. मग म्हणाले, "आमनामा लेवाले जातस नही. मी गऊ तर मना बाप खोटा पडस." मेलेल्या बापाला खरं ठेवण्यासाठी जिवंत बायको गमवायची का, असं मी विचारलं. ते माझ्यावर पुढे आठ-दहा दिवस रुसले होते. सिनेमा मागितला तर कोर्टाचा दिला.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच वाट काढली. घ्यायला नाही जायचं, सिनेमा दाखवायला जायचं. दुकानातलं सीडीचं यंत्र ते पिशवीत भरणार होते. मी सणाला धुळ्याला माझ्या घरी जाणारच होते, तर ताई, सोनगीरपर्यंत चला, म्हणाले. एवढ्या वयाच्या माणसाला एकट्याने सासरी जायची लाज वाटत होती. मी गेले. गाडीत भाऊ ते यंत्र मांडीवर घेऊन बसले होते आणि नशिराबादहून बसून आलेली एक म्हातारी, धुळे येईपर्यंत, त्यात काय आहे म्हणून विचारत होती.

सणाचा दुसरा दिवस होता. गावभर घ्यायला आलेले जावई. नानांच्या ओट्यावरही दोघे-तिघे टेकून बसले होते, त्यांत भाऊ जाऊन बसले. मी अक्काला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, सडसडीत बाई, केस पिकलेले, हाताला बिबड्यांचं पीठ. तिने पाणी आणून दिलं आणि बाजूला उभी राहिली. नानांनी विचारलं, कसं येणं केलं? भाऊंनी पिशवी पुढे सरकवली आणि म्हणाले, त्या सिनेमाची सीडी निघालीय.

टीव्ही पडवीत आणला. माहेरी आलेल्या लेकी, जावई, शेजारपाजारचे, सगळे खाली बसले. पहिली सीडी संपली, तेव्हा भाऊंनी मागे वळून अक्काकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्यांनी दुसरी घातली. सिनेमातली ती दोघं पुढे खोटंखोटं भांडता भांडता खरंच एकमेकांना जीव लावतात आणि त्याच न्यायाधीशासमोर पुन्हा लग्न लावतात. माझ्या मते अगदीच बालिश प्रकार. कोर्टात असलं काही होत नाही. पण अक्का इतकी हसली, की पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. सिनेमा संपला, कोणी उठेना. भाऊंनी यंत्राची वायर गुंडाळायला घेतली, ती तशीच हातात धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी तुले लेवाले उनू."

अक्काचं हसणं थांबलं. पण आवाजात राग नव्हता, मी कान देऊन ऐकत होते. "तुम्ही उनात, माले बठ्ठं पोचनं," ती म्हणाली. "पन मी आते दमी गयू. आते नवी नवरी व्हईसन माले जावास नही." मग तिने वायरीची गुंडाळी त्यांच्या हातातून घेतली, नीट केली आणि पिशवीत ठेवली. भाऊंना जेवायला आमरस वाढला. जेवून आम्ही निघालो.

मला वाटलं, झालं, संपलं. पण गावाच्या हिशेबात वेगळंच झालं होतं. जावई घ्यायला आला होता, चारचौघांत बोलला होता, म्हणजे बाई टाकलेली नव्हती. फारकतीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. नानांच्या मुलीचं लग्न नीट पार पडलं, आणि त्यात भाऊ मानाचे जावई म्हणून फेटा बांधून बसले होते. दुसऱ्या वर्षी आखाजीला ते पुन्हा सोनगीरला गेले. आमरस खाऊन एकटे परत आले. तिसऱ्या वर्षीही तेच. दुकानात मी विचारायचे, काय म्हणाल्या? ते म्हणायचे, पुढच्या साली पाहू म्हणाली. पुढे सीडी कोणी मागेना, सिनेमे लोकांच्या खिशात आले, दीपनगरचे इंजिनिअर मुलाकडे पुण्याला गेले. भाऊंनी शटर ओढलं आणि मागच्या खोलीतली खाट पुढे दुकानातच टाकली. पण आखाजी चुकवली नाही. मी कोर्टातून दमून येताना डोकावायचे. वाटायचं, एवढं कशासाठी? हे विचारायचाही कंटाळा यायचा.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. आखाजी आली तोवर त्यांना ओट्यापर्यंत चालवत नव्हतं. सोनगीरला फोन करते म्हटलं, तर हाताने नको म्हणाले. तिला दुखण्याचं सांगून आणायचं नाही, म्हणाले. सण झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत कधीतरी मी संध्याकाळी पेज घेऊन गेले, तर खाटेपाशी अक्का बसलेली. शेजारी कापडी पिशवी, पायांत चपला तशाच. तिला आजाराचं ठाऊक नव्हतं. कोणी घ्यायला आलं नाही, म्हणून बघायला आले, एवढंच ती मला म्हणाली.

भाऊंनी तिला विचारलं, "सोडाले कोन उनं?" माझ्या मनात आलं, आता तरी हा माणूस रीत सोडेल की नाही. अक्का म्हणाली, "कोनी नही. मी एकलीच उनू." भाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण त्यांनी तिचा हात धरला होता.

मृग लागायच्या आत भाऊ गेले. तेवढे दिवस अक्काने त्या दोन खोल्यांत संसार केला. पेज, औषधं, रोज धुतलेली चादर, आणि खाटेवरच्या माणसाशी दिवसभर हळू आवाजात बोलणं. काय बोलायची कोण जाणे, मी गेले की दोघे गप्प व्हायचे.

तेराव्यानंतर नाना गाडी करून आले. घर रिकामं, बहीण एकटी, ते तिला न्यायलाच आले होते. मी तिची पिशवी भरायला लागले, तर तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. मग भावाला चहा दिला आणि म्हणाली, "आते नही, नाना. मी आते माहेरले आखाजीलेच इसू."